डब्यातल्या दिव्यांच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार,

आमचा दिव्यांचा संच तुम्ही एचओ मापाच्या (खऱ्याच्या 1:87) मॉडेल रेल्वेच्या प्रवासी डब्यात बसवलात. गाडी पुढे धावताना दिवे लागले, उलटी फिरवली की विझले आणि त्याच संध्याकाळी चारपैकी दोन एलईडी कायमचे गेले. उरलेले दोन सांध्यावरून जाताना लुकलुकतात, भिंतींतून उजेड झिरपतो, आणि एलईडीच हलक्या दर्जाचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय.

एलईडी गेले हा दोष आमचा आहे. हा संच स्टेशन, घरं, फलाटावरचे खांब अशा एका जागी उभ्या मॉडेलांसाठी, 12 व्होल्टच्या स्थिर डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) पुरवठ्यावर चालावा म्हणून बनवलेला आहे. तरी खोक्यावर आम्ही डब्याचं चित्र छापलं. ते पाहून कोणीही तो डब्यातच बसवेल.

साध्या डीसी लेआउटवर (मॉडेल रुळांच्या मांडणीवर) गाडीची दिशा बदलायची म्हणजे रुळांमधली धन आणि ऋण बाजू अदलाबदल करायची. बहुतेक पांढरे एलईडी उलट दिशेने साधारण 5 व्होल्टपर्यंतच सोसतात, आणि तुमच्या डब्यात त्यांच्यावर त्याहून बराच जास्त विजेचा दाब आला. प्रवाह मर्यादित ठेवणारा रेझिस्टर इथे वाचवत नाही. उलट दिशेने प्रवाहच वाहत नसतो, त्यामुळे रेझिस्टरवर दाब विभागला जात नाही आणि सगळा भार एलईडीवर पडतो. म्हणून चालत्या डब्यात आधी ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडची जोडणी) हवाच. त्यात सुमारे 1.4 व्होल्ट खर्ची पडतात, पण गाडी कुठल्याही दिशेला जावो, दिव्यांना प्रवाह एकाच दिशेने मिळतो.

दर्जाबद्दल मात्र मी सहमत नाही. तुमचा अभिप्राय वाचून त्याच तुकडीतले दोन संच काढले. एक तुमच्यासारखाच थेट रुळांना जोडला, तर तासाभराच्या उलटसुलट फेऱ्यांत एक दिवा मंदावला. दुसरा ब्रिजमागे जोडला, त्याचे चारही दिवे तीन संध्याकाळी उत्तम चालले.

लुकलुकण्याचं कारण वेगळं आहे. सांध्यावर चाकांचा रुळाशी संपर्क क्षणभर तुटतो, आणि चाकांवर काजळी असेल तर सरळ रुळावरही तुटतो. आधी चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डब्याखालच्या चाकांच्या एकाऐवजी दोन्ही गाड्यांवरून (बोगींवरून) वीज घेता आली तर फार फरक पडतो. ब्रिजनंतर 470 मायक्रोफॅरडचा, 25 व्होल्टचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) जोडला की सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा खंड भरून निघतो. जोडताना त्याची ऋण बाजू नीट पाहा, उलटा जोडला तर तो फुटू शकतो. प्रत्येक एलईडीला 2.2 किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लावा. डब्यात तीन-चार मिलीअँपिअर पुरतात, त्याहून जास्त उजेडाने तो डबा कमी आणि दुकानाची काच जास्त वाटतो.

भिंतींतून झिरपणाऱ्या उजेडावर उपाय आहे. प्लास्टिक पातळ असतं, म्हणून आतून आधी काळा रंग आणि तो पूर्ण वाळल्यावर त्यावर पांढरा द्यायचा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो आत पसरवतो. हे आमच्या माहितीपत्रकात असायला हवं होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. उलट फिरवल्यावर दिवे विझले, यावरून तुमचा लेआउट साध्या डीसीवर आहे हे कळतं. तिथे गाडी हळू झाली की दिवे मंदावणार आणि थांबली की विझणार. कपॅसिटरने हे सुटत नाही. फलाटावर उभ्या गाडीत दिवे हवे असतील तर डीसीसीकडे (रुळांत सतत वीज ठेवून गाडीला डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीकडे) जावं लागेल किंवा डब्यात छोटी बॅटरी ठेवावी लागेल.

चार नवे एलईडी, रेझिस्टर, ब्रिज आणि कपॅसिटर आमच्या खर्चाने पाठवत आहोत, सोबत जोडणीचं हाताने काढलेलं चित्रही आहे. शिल्लक खोक्यांवरचं डब्याचं चित्र आम्ही झाकलं आहे. डब्याचं छत अजून चिकटवलं नसेल तर पार्सल पोचेपर्यंत तसंच राहू द्या. चिकटवलं असेल तर ते ओढू नका, आधी आम्हाला फोटो पाठवा. खिडक्यांच्या पट्ट्या न तुटता ते कसं सोडवायचं हे पाहून सांगतो.