रागाची डबी

"मॅडम, यात राग आहे का?"

गेल्या मंगळवारी पहाटे विमानतळावरच्या तपासणीत मला हा प्रश्न विचारण्यात आला. तेव्हा माझ्या पायांत बूट नव्हते, स्वेटर काखेत कोंबलेला होता आणि मागे तीसेक माणसं घड्याळाकडे बघत उभी होती. बरं, प्रश्न चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. डबीवर मीच, माझ्याच हाताने, ठळक अक्षरांत 'राग' असं लिहिलं होतं.

प्रवास चार दिवसांचा आणि माझ्या बाटल्या पाच. प्रत्येक बाटली वीतभर, तळाशी गोळ्या नाहीतर चूर्ण आणि वर कापूस. म्हणून सगळं छोट्या डब्यांत ओतलं. डब्यांवर औषधांची नावं लिहून उपयोग नव्हता. रेड क्लोव्हर कशासाठी आणि इव्हनिंग प्रिमरोज कशासाठी, कुठली वनस्पती कशावर हे पाठ करण्यात मी तीनदा नापास झाले आहे. तेव्हा चिकटपट्टीवर औषधाऐवजी दुखणंच लिहिलं. घाम, झोप, हाडं, राग. पाचव्या डबीवर काय लिहायचं होतं ते ऐन वेळी आठवेना, ती कोरी राहिली.

गणवेशातली मुलगी पंचविशीची असेल. तिने रागाची डबी उजेडाकडे धरली.

"पावडर आहे ही."

"चूर्ण आहे. शतावरी आणि अश्वगंधा."

"मग राग का लिहिलंय?"

"येतो म्हणून."

"हे खाल्ल्यावर?"

"न खाल्ल्यावर."

"आज खाल्लंय का?"

"पहाटे चारला कुठे खाणार?"

ती अर्धं पाऊल मागे सरकली. मग तिने कोरी डबी उचलली.

"यात काय?"

"ते विसरण्यावरचं आहे."

"नाव काय त्याचं?"

आता याला मी काय उत्तर देणार? "आठवत नाही" म्हणाले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून बघितलं नाही, पण ते हसू पुन्हा कुठे कानावर पडलं तर ओळखेन.

आणि नेमका तेव्हाच आला. हॉट फ्लॅश. छातीतून वाफ निघते, गळ्याशी येते, कानांच्या पाळ्या तापतात आणि मग घामाच्या धारा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून शरीराचं तापमान सांभाळणारं एक खातं आहे. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरलं की तिथल्या काही पेशी ताळतंत्र सोडतात. एरवी ज्या चढउताराकडे शरीर ढुंकूनही बघत नाही, त्यावरून आग लागल्याची बोंब ठोकतात. एक ते पाच मिनिटांत सगळं शमतं. पण बेनामी चूर्णासकट सापडलेल्या बाईला पाच मिनिटं दरदरून घाम फुटत असेल, तर बघणाऱ्याने काय समजायचं?

"तुम्हाला इतका घाम का येतोय?"

मी मुकाट्याने 'घाम' लिहिलेल्या डबीकडे बोट दाखवलं.

"हे घेऊनही येतो?"

सहा महिन्यांत एवढा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

तिने एका पट्टीने सगळ्या डब्या पुसल्या आणि ती पट्टी स्फोटकं हुंगणाऱ्या यंत्रात घातली. "झोपेत काही नाही," ती शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाली. माझ्या झोपेत काही नाही हे मी घरात वर्षभर सांगते आहे. यंत्राने दहा सेकंदांत मान्य केलं.

इथे त्या गृहस्थांचा प्रवेश झाला.

वय माझ्याएवढंच, असलं तर वर्षभराने जास्तच. केस काळेकुळकुळीत, मिशी मात्र रंगवायची राहिलेली. पट्टा काढून ट्रेमध्ये टाकावा लागल्यामुळे डाव्या हाताने पँट धरलेली. उजवा हात, दुर्दैवाने, मोकळा होता.

"काकू," ते म्हणाले, "मेनोपॉज ना?"

मला काकू म्हणायचा हक्क दिरांच्या मुलांना आहे, आणि आमच्या गॅलरीत बॉल पडला की शेजारच्या पोरांना. रंगवलेल्या केसांच्या समवयस्कांना नाही. शिवाय आवाज कसा, तर माईक बंद पडलेल्या सभेत अध्यक्ष लावतात तसा. मी हा शब्द सख्ख्या बहिणीलासुद्धा तोंडाने सांगितला नव्हता, टाइप करून पाठवला होता. इथे तो सामानाच्या पट्ट्यावरून पार पलीकडच्या रांगेपर्यंत गेला. तिथल्या एका बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने स्वतःच्या पर्सची चेन ओढून घेतली. त्यांच्याकडेही डब्या असणार.

"सगळं मनाचं असतं हो, काकू. आमच्या मिसेसनी एक गोळी घेतली नाही. मी तिला म्हटलं, मनावर घ्यायचंच नाही. दोन महिन्यांत सगळं गेलं!"

अमेरिकेत बायकांच्या पाठीमागे वर्षानुवर्षं राहून केलेल्या एका अभ्यासाचे आकडे २०१५ साली छापून आले. ज्यांना वारंवार त्रास होतो, त्यांच्यात निम्म्या जणींचे हॉट फ्लॅश आणि रात्रीचा घाम ७.४ वर्षांहूनही जास्त टिकले. म्हणजे शब्दशः साडेसाती. आणि यांच्या घरी दोन महिन्यांत आटोपलं. माझा अंदाज असा आहे, की दोन महिन्यांत गेलं ते यांना सांगणं.

"घ्यायचंच असेल तर ब्लॅक कोहोश घ्या," ते पुढे म्हणाले. मनाचं दुखणं होतं, त्यावर लगेच एक औषधी मुळीही निघाली. "अमेरिकेतले मूळ रहिवासी शेकडो वर्षं वापरतात. नॅचरल आहे, अपाय नाही." मुद्दा दोन्ही हातांनी मांडायचा झाला की त्यांची पँट बोटभर खाली यायची, मग ते मुद्दा सोडून पँट धरायचे. माझी सगळी आशा त्या बोटभर अंतरावर होती.

तर ब्लॅक कोहोश. 'घाम' लिहिलेल्या डबीत तेच होतं. त्यावर २०१२ साली कॉक्रेन या, उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा निघाला: १६ चाचण्या, २,०२७ बायका, आणि निष्कर्ष असा की उपयोग होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. प्रिमरोजची चाचणी त्याहून जुनी, १९९४ सालची. ५६ बायका, सहा महिने, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस काही नाही. हे मी वाचलेलं आहे. घेतल्यावर नव्हे, घेण्याआधी वाचलेलं आहे. मला कुणी फसवलं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

मग घेते कशाला? डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं: हॉट फ्लॅशवर सगळ्यांत परिणामकारक हार्मोन्स, पण तुमच्या आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झालाय, तेव्हा तपासण्या करू, मग बसून ठरवू. हार्मोन्स नको ठरले तर बिनहार्मोनच्याही गोळ्या आहेत. काहीच वावगं बोलल्या नाहीत. पण मी त्या केबिनमधून 'तपासण्या' एवढा एकच शब्द घेऊन बाहेर आले, आणि त्याच रात्री पहिली बाटली मागवली. तपासणीच्या कागदावर काय लिहून येईल सांगता येत नाही. बाटलीवर हिरवं पान काढलेलं असतं.

शिवाय खोट्या गोळीलाही मी कमी लेखत नाही. हार्मोन्सच्या चाचण्यांचा कॉक्रेनचाच २००४ सालचा आढावा आहे. त्यात ज्या बायकांना नुसती खोटी गोळी दिली होती, त्यांचेही हॉट फ्लॅश साधारण ५८ टक्क्यांनी कमी झाले. अट एकच, गोळी खोटी आहे हे आपल्याला माहीत नको. मी नवऱ्याला म्हटलं, तूच कसली तरी कॅप्सूल मला दे आणि भारी औषध आहे म्हणून सांग. दिली त्याने. देताना चेहरा असा केला, की मला वाटलं विषच आहे.

आणि 'शेकडो वर्षं' याचं म्हणाल, तर अमेरिकेतच १८७५ सालापासून लिडिया पिंकहॅम नावाच्या बाईंचं एक वनस्पतींचं मिश्रण बायकांच्या सगळ्या तक्रारींवर विकलं जात होतं. त्यात ब्लॅक कोहोश होता, मेथ्या होत्या, आणि साधारण १८ टक्के अल्कोहोल होतं. गुण येत असणारच! त्या बाई १८८३ साली वारल्या, तरी 'मिसेस पिंकहॅम यांना लिहा' अशा जाहिराती चालूच राहिल्या आणि बायकांच्या पत्रांना उत्तरंही जात राहिली. शेवटी १९०५ साली एका मासिकाने त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटोच छापला. मला त्या पत्रं लिहिणाऱ्या बायकांचं हसू येत नाही. पत्राला उत्तर आलं, हेच केवढं. मेलेल्या बाईकडून का होईना.

इकडे गृहस्थ 'नॅचरल'वर अडकले होते. नॅचरल, नॅचरल. अहो, खाजकुयलीही नॅचरलच आहे, चोळा अंगाला. ब्लॅक कोहोश आणि अश्वगंधा, दोन्हींच्या बाबतीत यकृताला इजा झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर चक्क बंदी घातली. आणि ज्या हार्मोन्सना मी घाबरून बसले आहे, त्यांच्या कातडीवर चिकटवायच्या पॅचमधलं इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन बहुधा सोया किंवा रानकंदातल्या द्रव्यापासूनच बनवतात. पान त्यांच्याही खोक्यावर काढता आलं असतं. काढत नाहीत, कारण त्यांना चाचण्यांचे आकडे छापावे लागतात. मला राग येतो तो याचा. पन्नाशीच्या बाईने घाम पुसत, अर्धवट झोपेत, स्वतःच स्वतःची संशोधक व्हायचं, रात्री दोनला चाचण्यांचे निष्कर्ष वाचायचे, आणि सकाळी कुणीतरी पँट सावरत सांगणार की मनावर घेऊ नका.

"निसर्गात बघा," त्यांनी समारोपाला हात घातला. "कुठल्या प्राण्याला मेनोपॉज असतो का? ही आपली लाइफस्टाइल, काकू."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. किलर व्हेल, पायलट व्हेल, फॉल्स किलर व्हेल, बेलुगा आणि नार्व्हाल, सगळे देवमाशांच्या कुळातले. किलर व्हेलच्या माद्यांना चाळिशीच्या सुमारास पिल्लं होणं थांबतं, पुढे त्या कित्येक दशकं जगतात, आणि सामन मासा कमी असतो त्या वर्षी कळपाच्या पुढे याच म्हाताऱ्या असतात. बाकीची मंडळी मागे, रांगेत, न बोलता. हे उत्तर मला सुचलं ते पंचवीस मिनिटांनी, गेटपाशी. त्या क्षणी तोंडातून निघालं ते एवढंच:

"तुमचा पट्टा पुढे गेला."

खरंच गेला होता. ते एका हाताने पँट धरून ट्रेमागे धावले. जाता जाता "काळजी घ्या, काकू" म्हणायला विसरले नाहीत.

मुलीने चार डब्या माझ्यापुढे सरकवल्या. "पावडरवर नाव नाही, मॅडम. ती नेता येणार नाही." मी म्हटलं, नाव आहे की. तिने पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता डबी जप्तीच्या पेटीत टाकली. तिथे दोन कात्र्या, एक लायटर आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली यांच्या शेजारी ती अक्षरं वर करून पडली.

गेटपाशी बसल्यावर नवऱ्याचा फोन आला. आत गेलीस का, काही अडचण नाही ना वगैरे.

"राग ठेवून घेतला त्यांनी," मी सांगितलं.

पलीकडे दोन सेकंद शांतता.

"सगळा?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. इतक्या आशेने त्याने मला आजवर काही विचारलेलं नाही. मी फोन ठेवला, स्वेटर काढला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा घातला.