सॅल्फर्ड, मँचेस्टर आणि बिटकोचा ओटा

नाशिकरोडच्या बिटको चौकातून आत वळल्यावर जे कायमचे कुलूपबंद दुकान लागते, त्याच्या ओट्यावर आम्ही गेली कित्येक वर्षे बसत आलो आहोत. गुरुवारी, ९ जानेवारी २०२५ च्या रात्री, निफाडकडचा गारठा हाडांत शिरत असतानाही तिथून कोणी उठायला तयार नव्हते, कारण परवा, ११ जानेवारीला, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर सॅल्फर्ड सिटीचा एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीचा सामना आहे. नाशिकरोडच्या ओट्यावर सॅल्फर्डचे नाव आले ते माझ्यामुळे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

नितीनने बसल्या बसल्या निकाल लावून टाकला. तो म्हणाला, "चौथ्या स्तरावरचा संघ लागोपाठ चार वेळा लीग जिंकलेल्या संघाच्या घरी चालला आहे, यात चर्चेसारखे काय आहे? पाच-शून्य लिहून घ्या आणि चहा सांगा." नितीन सनदी लेखापाल आहे आणि कोणत्याही गोष्टीचा ताळेबंद आधी मांडून मग तिच्याकडे बघण्याची त्याला सवय आहे. मंदारने मात्र स्वेटरवर मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी चढवलेली होती आणि तो "आपलं सॅल्फर्ड, आपलं सॅल्फर्ड" असा घोष करत होता. गिग्ज, स्कोल्स आणि नेव्हिल बंधू हे युनायटेडचे जुने खेळाडू त्या क्लबाचे मालक आहेत एवढेच त्याला ठाऊक होते, आणि ते परवा स्वतः मैदानात उतरणार नाहीत हे त्याला दोनदा समजावून सांगावे लागले. मी मूर लेनचे नाव काढल्यावर त्याने मोठ्या उत्साहाने विचारले की, हा कोणत्या बाजूने खेळतो? मूर लेन हे सॅल्फर्डच्या मैदानाचे नाव आहे.

मी २०१२ ते २०१४ अशी दोन वर्षे सॅल्फर्डला शिकायला होतो आणि माझी खोली केर्सलमध्ये, मूर लेनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती. तेव्हा तो क्लब आठव्या स्तरावर खेळत असे, शर्ट लाल नसून नारिंगी होते, आणि सामन्याला फार तर शंभर-सव्वाशे माणसे जमत. कठड्याला टेकून उभे राहिले की गोलरक्षकाने बचावफळीला घातलेल्या शिव्या स्पष्ट ऐकू येत, आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला की तो आणायला गेलेला मुलगा परत येईपर्यंत सगळे हात चोळत उभे राहत. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे असत. ते थर्मासच्या झाकणात चहा ओतून पहिल्यांदा माझ्या हातात देत, मग स्वतः घेत, आणि सामना संपल्यावर न चुकता विचारत की, पुढच्या शनिवारी येशील ना? त्या दोन वर्षांत परक्या देशात मी पुढच्या शनिवारी येतो की नाही याची वाट पाहणारा तो एकच माणूस होता. म्हणून या क्लबाबद्दल कोणी तुच्छतेने बोलले की मला ते सहन होत नाही.

नितीनचा खरा आक्षेप पैशाचा होता आणि तो त्याने नेटका मांडला. २०१४ मध्ये युनायटेडच्या जुन्या खेळाडूंनी क्लब विकत घेतला, पुढच्या पाच मोसमांत चार वेळा बढती मिळवली आणि २०१९ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर फाइल्ड या क्लबाला तीन-शून्य हरवून क्लब फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या स्तरावर, दाखल झाला. त्या काळात खेळाडूंना त्या स्तराला न परवडणारे पगार दिल्याबद्दल अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली या छोट्या क्लबाच्या अध्यक्षांनी त्यांच्यावर उघड टीकाही केली होती. "हे गरीब शेजाऱ्याचे सोंग आहे," नितीन म्हणाला. "एक मोठा श्रीमंत आणि एक छोटा श्रीमंत यांच्या भांडणात तू डोळे का ओले करतोस?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात बापू बोलले. बापू आमच्यात सर्वांत वडील, करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, आणि बोलण्याआधी मफलर नीट करणारे. ते म्हणाले, "वाड्याचा मालक बदलला म्हणून भाडेकरू उपरे होत नाहीत, नितीन. तो थर्मासवाला म्हातारा मालकाच्या आधीपासून तिथे उभा होता. सामना त्याचा आहे."

नितीन काही क्षण गप्प राहिला. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते पगार खरे होते आणि त्यांचा त्रास त्यांच्याहून गरीब क्लबांना झाला हेही खरे आहे. पण मालक आले म्हणून ते गाव मोठे झाले नाही, आणि परवाचा सामना गावाचा आहे.

हे गाव म्हणजे काय, हे बापूंना मी पूर्वीच सांगितलेले असल्यामुळे पुढची सूत्रे त्यांनीच हातात घेतली. सॅल्फर्ड आणि मँचेस्टर यांच्यामध्ये अर्वेल नावाची नदी आहे. पूल ओलांडला की गाव बदलते, पण बाहेरच्यांच्या लेखी दोन्हीकडे मँचेस्टरच असते. वास्तविक सॅल्फर्डला नगराची सनद १२३० च्या सुमारास मिळाली आणि मँचेस्टरला ती १३०१ मध्ये. पुढे जहाजांचा कालवा झाला, १८९४ मध्ये बंदर सुरू झाले, त्याच्या बहुतेक गोद्या सॅल्फर्डच्या हद्दीत होत्या, ओझी सॅल्फर्डच्या माणसांनी वाहिली, आणि बंदराचे नाव मात्र मँचेस्टर डॉक्स असे पडले. १९८२ मध्ये त्या गोद्या बंद झाल्या तेव्हा बेकारी आली ती नदीच्या सॅल्फर्डकडच्या बाजूला.

"नोटा आम्ही छापल्या आणि देशभर नाव झाले नाशिकच्या प्रेसचे," बापू म्हणाले. "गाडी थांबते आमच्याकडे आणि उतरणारा म्हणतो, नाशिक आले. १९८२ मध्येच आमची नगरपालिका महापालिकेत विरघळली. मला सॅल्फर्ड नकाशात दाखवायची गरज नाही, मी तिथलाच आहे."

नितीन मूळचा नाशिकच्या गंगापूर रोडचा असल्यामुळे हा टोला त्याला लागायचा तिथे लागला. महापालिका झाल्याने नाशिकरोडचे कल्याणच झाले, असे त्याने ठासून सांगितले, आणि त्यावर पाण्याची वेळ, रस्त्यांचे डांबर आणि सिटी बसच्या फेऱ्या असे सगळे हिशेब निघाले. ते मी इथे देत नाही, कारण ते दर आठवड्याला निघतात. मंदारने मध्येच, ओल्ड ट्रॅफर्डही सॅल्फर्डमध्येच येते ना, असे विचारले. ते ट्रॅफर्डमध्ये येते, हे नाव उच्चारताना तरी लक्षात यायला हवे होते, असे अरुणा म्हणाली.

अरुणा शाळेत गणित शिकवते आणि तिला सामने तारखांसकट पाठ असतात. चर्चा पुन्हा मैदानावर आणली तिनेच. तिचे म्हणणे असे की, मँचेस्टर सिटीला धोका लांबच्यांकडून नसून शेजाऱ्यांकडून असतो. ८ जानेवारी २००५ रोजी याच तिसऱ्या फेरीत ओल्डहॅमने सिटीला एक-शून्य हरवले. २०१३ च्या अंतिम सामन्यात विगनने हरवले आणि तेच विगन तीन दिवसांनी प्रीमियर लीग या सर्वोच्च स्तरावरून खाली घसरले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुन्हा विगननेच, आता तिसऱ्या स्तरावर असताना, विल ग्रिगच्या एका गोलावर सिटीला बाहेर काढले, आणि तो सिटीने लीगमध्ये १०० गुण मिळवलेला मोसम होता. ही सगळी गावे मँचेस्टरच्या दाराशीच आहेत. "शेजाऱ्याला आपल्या घराच्या पायऱ्या माहीत असतात," असे ती म्हणाली.

यंदाची स्थितीही एकतर्फी नाही. सप्टेंबरमध्ये मधल्या फळीतल्या रॉड्रीचा गुडघा गेला आणि सिटीचा मधला खांबच निखळला. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नाताळाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तेरा सामन्यांत त्यांनी एकच विजय मिळवला. फेयेनूर्ड या डच क्लबाविरुद्ध तीन-शून्य आघाडी असताना त्यांनी बरोबरी पत्करली. नितीनने लगेच लेस्टर आणि वेस्ट हॅमवरच्या ताज्या विजयांकडे बोट दाखवले, आणि गाडी रुळावर येत असतानाच समोर सापडणाऱ्याचे हाल जास्त होतात, असेही सांगितले. हे मलाही मान्य करावे लागले. ज्या खेळाडूंना लीगमध्ये संधी मिळालेली नाही असे भुकेले तरुण सिटीचे प्रशिक्षक ग्वार्डिओला परवा उतरवण्याची शक्यता आहे, आणि ते मला गोलांचा धडाका लावणाऱ्या हालांडपेक्षा अधिक धोकादायक वाटतात.

तरीही सॅल्फर्डने काय करावे हे मला स्पष्ट दिसते. अलीकडे त्यांचा बचाव चांगला आवळलेला आहे. पहिली वीस मिनिटे त्या बचावाने तशीच काढायला हवीत, कारण शून्य-शून्य असताना घरच्या प्रेक्षकांची चुळबुळ सुरू होते आणि ती खेळाडूंच्या पायांत उतरते. चेंडू मिळेल तो कमीच मिळेल. मग कॉर्नर आणि फ्री किक हीच इस्टेट समजून ती बचावपटू ल्यूक गार्बटच्या डाव्या पायाच्या स्वाधीन करावी, आणि पेनल्टी क्षेत्रात आघाडीवीर कोल स्टॉकटनने बचावपटूच्या अंगाला अंग लावून उभे राहावे. फार तर दोनच संधी मिळतील, पण या स्पर्धेत एवढ्यावर सामने फिरले आहेत.

इथे बापूंनी, बरोबरी झाली तर सामना मूर लेनवर येईल ना, असे मोठ्या आशेने विचारले, आणि मला त्यांना सांगावे लागले की, ते आता होणे नाही. यंदाच्या, म्हणजे २०२४-२५ च्या, मोसमापासून पहिल्या फेरीपासूनच फेरसामने रद्द केले आहेत. बरोबरी झाली तर त्याच रात्री जादा वेळ आणि पेनल्टी. युरोपातल्या स्पर्धा वाढल्या, मोठ्या क्लबांच्या वेळापत्रकात जागा उरली नाही, म्हणून ही दीडशे वर्षांची चाल मोडली. या निर्णयाने माझे मन खरोखर खट्टू झाले आहे. ओल्डहॅमने सिटीला हरवले त्याच दिवशी, अरुणाने सांगितले, लीगबाहेर फेकल्या गेलेल्या एक्सेटर सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला शून्य-शून्य रोखले होते. फेरसामना एक्सेटर हरले, पण त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने कर्जात बुडालेला तो क्लब तगला. मंदारला हा सामना आठवत नव्हता. युनायटेडने जिंकलेले सगळे सामने त्याला आठवतात.

"म्हणजे मोठ्याकडे जेवायला जायचे, पण त्याला आपल्या घरी बोलवायचे नाही," बापू म्हणाले. "असे सोयरिकीचे नाते असते काय? पंगतीला बसवले, पण परतीचे आमंत्रण घ्यायला नकार दिला."

नितीनने या एका मुद्द्यावर मात्र पूर्ण माघार घेतली. तिकिटांचे उत्पन्न खर्च आणि स्पर्धेच्या निधीतला थोडा वाटा वजा जाता दोन्ही क्लबांत सारखे वाटले जाते हे त्याला माहीत होते, आणि छोट्या क्लबाच्या वहीत अशा एका सामन्याची नोंद कशी दिसते, ते त्याने हिशेबनीसाच्या जिव्हाळ्याने समजावून सांगितले. मैदानाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत जागा पाहुण्या क्लबाला मागता येतात. सिटीच्या २०२४-२५ मध्ये त्रेपन्न हजारांच्या असलेल्या मैदानात त्या आठ हजारांच्या घरात जातात, आणि मूर लेनवर सगळी मिळून पाच हजारांवर थोडी माणसे मावतात. म्हणजे परवा सॅल्फर्डला आपल्या घरी बसवता येणार नाहीत इतकी आपली माणसे शेजाऱ्याच्या घरी बसवता येतील. केर्सलपासून ते मैदान आठेक किलोमीटर आहे, बिटकोपासून नाशिकचे सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, जेवढे आहे जवळजवळ तेवढेच. ते म्हातारे गृहस्थ त्यांत असतील काय, असा विचार माझ्या मनात आला आणि मी काही वेळ बोलू शकलो नाही.

बापूंनी माझ्याकडे पाहिले आणि विषय हलका करण्यासाठी मुद्दाम नितीनची जुनी कळ दाबली. १९९८ च्या पावसाळ्यात नाशिक विरुद्ध नाशिकरोड असा एक सामना झाला होता. त्यात बापू चाळिशीत असूनही आमचे गोलरक्षक होते आणि नितीन नाशिकचा डावा विंगर. शेवटच्या मिनिटाला नितीनने मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला आणि जाळीच्या बाजूच्या फाटक्या भागातून आत शिरला. पंच त्यांच्या गावचे होते आणि त्यांनी गोल दिला. सव्वीस वर्षांहून अधिक काळ नितीन म्हणत आला आहे की, चेंडू समोरूनच गेला.

"त्या दिवशी सकाळी मी ती जाळी माझ्या हाताने सुतळीने शिवली होती," बापू म्हणाले, "आणि संध्याकाळी ती सुतळी तुटलेली पाहिली. समोरून गेलेला चेंडू बाजूची सुतळी कसा तोडतो, हे तुझ्या ताळेबंदात बसवून दाखव."

नितीनने सुतळी आधीच कुजलेली असल्याचा दावा केला, अरुणाने खडूने ओट्यावर गोलपोस्ट काढून कोन मोजायला घेतला, आणि मंदारने शपथेवर सांगितले की तो त्या दिवशी हजर होता आणि गोल डोक्याने झाला होता. तेव्हा तो दुसरीत होता. शेवटी नितीनने वैतागून जाहीर केले की, परवा सॅल्फर्डने सिटीच्या जाळीत एक गोल जरी घातला, तरी तो या ओट्यावर उभा राहून १९९८ चा गोल बाहेरून गेला होता असे कबूल करील.

"पाहा, आता सॅल्फर्ड जिंकायचीही गरज राहिली नाही," बापू म्हणाले, आणि शनिवारी रात्री सामना बघायला सर्वांनी त्यांच्याकडेच जमायचे, नितीनने येताना सुतळीचा गुंडा आणायचा, असे ठरवून ते इतके हसले की मफलर सुटून चहात पडला.