त्या इवल्याशा पॉटने डोकं उठवलंय

माझ्या चित्र काढणाऱ्या रोबोटच्या मोटरा चालवणारा बोर्ड म्हणजे ए४९८८ ड्रायव्हर. त्यावरचा तो मोटरचा करंट ठरवणारा पॉट, म्हणजे फिरवायचा स्क्रू, नेमका कुणाच्या हातांसाठी बनवलाय? मुंग्यांच्या? ना आकडे, ना खूण. केसभर फिरवला की व्होल्टेज ०.४ वरून थेट ०.७ वर, केसभर मागे घेतला की ०.३. त्यात मल्टिमीटरचा लाल प्रोब त्याच पॉटवर धरायचा, काळा ग्राउंडला, आणि स्क्रूड्रायव्हर फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा? (स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला क्रोकोडाइल क्लिपने प्रोब जोडतात, माहितीये मला. स्क्रूड्रायव्हर घसरून शेजारच्या पिनला टेकला की ड्रायव्हरचं तेरावंच घालायचं.)

बरं, एवढं करून आकडा तरी कुठला धरायचा? पॉटवर मोजायचं ते व्होल्टेज, म्हणजे व्हीरेफ, बरोबर करंट गुणिले ८ गुणिले सेन्स रेझिस्टर (ड्रायव्हरवरचा करंट मोजणारा रेझिस्टर). सूत्र सोपंय हो, पण तो रेझिस्टर कुठल्या बोर्डावर ०.०५ ओहम, कुठल्यावर ०.०६८, कुठल्यावर ०.१! एक अँपिअर हवा तर इथे ०.४ व्होल्ट, तिथे ०.८. याचा आकडा त्याला लावला की करंट एकतर निम्मा नाहीतर दुप्पट. आणि विकणारा काय लिहितो? 'उत्तम दर्जा, २ अँपिअर'. रेझिस्टर कोणता ते लिहायला पैसे पडतात का? त्यावर आर१०० (०.१ ओहम) छापलंय की आर०५० (०.०५), ते भिंग घेऊन आम्ही शोधायचं. मागच्या पाकिटात तर दोन एका जातीचे निघाले, दोन दुसऱ्या. एकाच पाकिटात! म्हणजे आडव्या एक्सच्या मोटरला एक हिशेब, उभ्या वायच्या मोटरला दुसरा.

आणि हे सगळं कशासाठी, तर कागदावर एक चित्र काढायला. करंट कमी पडला की मोटर करकरते, स्टेप्स (मोटरची एकेक पावलं) खाते, वर्तुळाची टोकं काही भेटत नाहीत. वाढवला की ड्रायव्हर तापून गप्प बसतो आणि थंड झाला की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. रोबोटला पत्ताच नाही! तो आपला स्टेप्स पाठवत राहतो, पेन खरंच तिथे पोचलं का हे बघतंय कोण? पाऊण गणपती झकास आला आणि सोंड दोन बोटं डावीकडे.

आता कुणीतरी येईलच सांगायला, 'टीएमसी २२०९ हा दुसरा ड्रायव्हर लाव, त्याचा करंट सॉफ्टवेअरमधून सेट होतो.' होतो ना. पण त्याची वायरिंग माझ्या शील्डवर (ड्रायव्हर बसवायच्या बोर्डावर) नाही, सोय फर्मवेअरमध्ये (रोबोटच्या आतल्या प्रोग्राममध्ये) नाही. मग शील्ड बदला, बोर्ड बदला, सगळंच बदला. का म्हणून? त्या पॉटभोवती चार रेघा छापल्या असत्या तर काय कारखाना बुडाला असता?