नुसती नावं काय फेकता?

ग्रुपवर कोणी सहज विचारलं की मराठीतल्या अलीकडच्या कथा सुचवा, ट्रेनमध्ये वाचायच्यात, की पाच मिनिटांत ठरलेली यादी येऊन आदळते, मृत्युंजय, ययाति, कोसला, खाली अंगठे. अरे त्याने कथा विचारल्यात, आणि अलीकडच्या! ययाति १९५९ ची, कोसला १९६३ ची, मृत्युंजय १९६७ ची, आणि तिन्ही कादंबऱ्या. थोर आहेत, वादच नाही, कोसला तर मी अजूनही मधूनच उघडून बसते, पण समोरच्याचा प्रश्न तरी नीट वाचा ना. जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'ला २०१२ चा साहित्य अकादमी मिळाला, आसाराम लोमटेंच्या 'आलोक'ला २०१६ चा, दोन्ही कथासंग्रहच, ते कुणाला आठवत नाहीत.

आणि 'मस्ट रीड', 'आयुष्य बदलेल' याच्यापुढे कोणी काही लिहीतच नाही, म्हणजे गोष्ट कुठली आहे, भाषा कशी आहे, तुला त्यातलं नक्की काय भिडलं, दोन ओळी टाईप करायला किती वेळ लागतो? नवीन वाचणारा एवढी नावं बघूनच गप्प बसतो.

सगळ्यात डोक्यात जातात ते 'पीडीएफ आहे, इनबॉक्समध्ये या' वाले. लेखक हयात आहे, पुस्तक दुकानात मिळतंय, आधीच मराठीत हजारभर प्रती खपायला वर्षं जातात, आणि तुम्ही ते फुकट वाटून वर थँक्यू घेताय!