पुन्हा एकदा एपीआयची पीडीएफ

आज दुपारी एका सेवापुरवठादाराने त्यांच्या एपीआयची, म्हणजे आमच्या प्रोग्रॅमने त्यांच्या सेवेशी कसे बोलायचे याची, माहिती मेलने पाठवली. ६२ पानांची पीडीएफ. नमुन्यादाखल दिलेल्या जेसनमध्ये (प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवतात त्या मजकुरात) सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे उमटली आहेत, त्यामुळे तो नमुना उचलून जसाच्या तसा चालवून पाहण्याचीही सोय उरलेली नाही. ओपनएपीआयची फाइल, म्हणजे एपीआयचे यंत्राला वाचता येईल असे वर्णन, मिळेल का, असे मी विचारले. "सगळे पीडीएफमध्ये आहे," एवढेच उत्तर आले, आणि तेव्हापासून माझे दुसऱ्या कामात लक्ष लागलेले नाही.

कारण दोन वर्षांपूर्वी अशाच एका पीडीएफने आमची एक अख्खी रात्र खाल्ली होती. परताव्याच्या रकमेपुढे 'संख्या' असे लिहिले होते. प्रत्यक्षात परतावा मंजूर होईपर्यंत त्या जागी 'नल', म्हणजे 'मूल्यच नाही', असे येत असे. आमच्या प्रोग्रॅमने त्याचा अर्थ शून्य असा घेतला आणि पैशांची वाट पाहणाऱ्या ग्राहकांना 'परतावा: ०' असे दिसू लागले. पहाटेपर्यंत आम्ही तिघे लॉगची (प्रोग्रॅमने केलेल्या नोंदींची) एकेक ओळ त्या पीडीएफशी ताडून पाहत होतो.

ही गोष्ट यंत्राला कळेल अशा भाषेत लिहायला एक ओळ पुरली असती. ओपनएपीआय ३.० मध्ये त्यासाठी 'नलेबल' (नल चालेल) अशी खूण आहे, ३.१ मध्ये प्रकारांच्या यादीतच 'नल' लिहिता येतो. त्या ओळीवरून क्लायंटचा, म्हणजे ती सेवा वापरणाऱ्या आमच्या बाजूचा, कोड तयार केला असता, तर रक्कम रिकामी येऊ शकते हे मूल्यांचे प्रकार तपासणाऱ्या अनेक भाषांमध्ये कंपाइल करतानाच, प्रोग्रॅम चालवण्याआधीच, समोर आले असते. एका ओळीचा आळस त्यांनी केला आणि त्याची किंमत, आमच्यासारख्या प्रत्येक टीमने वेगवेगळी, आपापल्या रात्री जागून मोजली. याचा मला खरा राग आहे. आपल्या सेवेचा करार आपण लिहायचा नाही आणि तो वापरणाऱ्यांनी चुका करत शोधून काढायचा, याला दस्तऐवजीकरण म्हणता येत नाही.

आणि हे काही कालचे तंत्र नाही. सेवेचे असे वर्णन लिहिण्याची डब्ल्यूएसडीएल ही भाषा २००० पासून आहे. ते बोजड होते, हे मान्य. त्याच कामासाठीच्या स्वॅगरचे तपशीलपत्र २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले आणि पुढे त्याचेच नाव ओपनएपीआय झाले. वर्णन कुठे ठेवावे हा प्रश्नही आता उरलेला नाही: संस्थेच्या सगळ्या एपीआयची सूची ठरावीक पत्त्यावर कशी ठेवायची, हे आरएफसी ९७२७ या इंटरनेटच्या मानकाने २०२५ मध्ये सांगितले आहे.

फाइल दिली म्हणजे सगळे झाले असे नाही, हेही खरे. कोणती विनंती आधी करायची, परतावा का अडतो, हे माणसाने माणसासाठीच लिहावे लागते. आणि कोड बदलल्यावर तशीच राहिलेली फाइल पीडीएफइतकीच फसवते. म्हणून प्रत्येक बिल्डमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बांधताना दर वेळी, सेवेचे खरे प्रतिसाद त्या वर्णनाशी पडताळून पाहायला हवेत. पीडीएफच्या बाबतीत हे करताच येत नाही, माझी मुख्य तक्रार तीच आहे.

संध्याकाळी ती ६२ पाने पुन्हा शांतपणे चाळली. कुणीतरी फार मेहनतीने तक्ते भरले आहेत, त्रुटींचे संकेतांक एकेक करून मांडले आहेत. तसे तक्ते मीही भरले आहेत, त्यामुळे त्या माणसावर रागावणे मला जमत नाही. एवढेच श्रम नेमक्या जागी घालायला त्याला कुणी सांगितले नसावे.

रात्री मीच ओपनएपीआयची फाइल लिहायला घेतली आहे. पूर्ण झाली की त्यांना पाठवीन, त्यांनी ती तपासून आपल्या पत्त्यावर ठेवावी अशी विनंती करीन. आता पान १९ वर आहे. इथेही परताव्याची रक्कम आहे आणि तिच्यापुढे 'संख्या' एवढेच लिहिले आहे. ती रिकामी येऊ शकते का, हे विचारणारा मेल आत्ताच पाठवला.