पहिला मेल पाठवण्याची मुभा: कॅन-स्पॅम कायद्यावर कट्ट्यावर झालेला वाद

न मागितलेल्या जाहिरातींच्या मेलना, म्हणजे स्पॅमला, आवर घालणारा अमेरिकेचा केंद्रीय कॅन-स्पॅम कायदा संमतीशिवाय पहिला मेल पाठवू देतो, म्हणून तो दुबळा आहे, असा विषय कट्ट्यावर निघाला. तेव्हा कायद्याची बाजू मांडली ती आमच्या वकील मित्राने. १ जानेवारी २००४ पासून लागू असलेला हा कायदा खोटे हेडर (मेल कुणाकडून आला ही माहिती) आणि फसवी विषय-ओळ यांना मनाई करतो, जाहिरातीच्या मेलमध्ये खरा टपाली पत्ता देणे बंधनकारक करतो आणि नकार कळवल्यास दहा कामकाजी दिवसांत मेल थांबवायला लावतो. मग त्याला दुबळा का म्हणायचे, असा त्याचा सवाल होता.

मेल सर्व्हर सांभाळणारी आमची मैत्रीण लगेच म्हणाली, "अरे, पण नकार कळवायला आधी मेल यावा लागतोच ना? हजार कंपन्यांनी प्रत्येकी एकेक मेल पाठवला तर कायदा कुठेच मोडत नाही, आणि माझ्या सर्व्हरला मात्र ते सगळे झेलावे लागतात." शिवाय पाठवणारा लबाड असेल, तर मेल बंद करण्यासाठीच्या 'अनसबस्क्राइब'वर क्लिक केल्याने आपला पत्ता चालू असल्याचीच खात्री त्याला मिळते.

मला याहून जास्त खटकते ते कॅलिफोर्नियाच्या बाबतीत घडलेले. त्या राज्याने सप्टेंबर २००३ मध्ये आधी संमती घेणे सक्तीचे करणारा कायदा केला होता, ज्यात मेल मिळालेल्या सामान्य माणसाला स्वतः दावा लावून दर मेलमागे एक हजार डॉलरपर्यंत भरपाई मागता आली असती. पण तो अमलात येण्याच्या दिवशीच केंद्रीय कॅन-स्पॅम कायदा लागू झाला आणि फसवणुकीपुरत्या तरतुदी वगळता राज्यांचे असे नियम निष्प्रभ ठरले.

मेलच्या पत्त्यावरून माणूस कोणत्या राज्यातला हे कळत नाही, तेव्हा पन्नास राज्यांचे पन्नास नियम प्रामाणिक व्यापाऱ्याने पाळायचे कसे, हा वकील मित्राचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र देशभर एकच नियम हवा होता, तर तो संमतीचाही करता आला असता. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात आणि ऑस्ट्रेलियाने २००३ च्या कायद्यात तेच तत्त्व धरले होते.

नकार देणाऱ्यांची राष्ट्रीय यादी करण्याची कल्पना फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने) जून २००४ मध्ये फेटाळली, कारण ती यादीच स्पॅम पाठवणाऱ्यांच्या हाती पडली असती. यावर आमचे एकमत झाले. दाव्याच्या हक्कावर मात्र झाले नाही. आज सरकारी यंत्रणा आणि इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्या खटला भरू शकतात, मेल मिळालेला माणूस नाही. तो हक्क दिला तर दाव्यांचाच धंदा सुरू होईल, असे वकील मित्र म्हणाला. "होऊ दे की," मैत्रीण म्हणाली, "निदान पाठवण्याआधी कुणी खर्चाचा हिशेब तरी करेल." मी तिच्या बाजूने आहे.