'पुरे' कोण म्हणणार?

आमच्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय. गावाचं नाव लिहीत नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले ओळखतील, बाकीच्यांना गरज नाही. मागच्या आठवड्यात वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरपत्रक आलं. दरपत्रकच म्हणतो मी त्याला. लाख रुपये दिले तर चौकातल्या खांबावर संगमरवरी पाटी, पंचवीस हजारांना भिंतीवरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत नाव, पाच हजारांना बारीक अक्षरांत. त्याखाली नुसती पावती. रोज रात्री त्याच ग्रुपवर देणाऱ्यांची यादी पडते, मोठा आकडा वर, छोटा खाली. ज्यांची नावं यादीत नसतात तेही ती उघडून बघतात, आणि यादी टाकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

तेवढ्यावर मी गप्पच बसलो असतो. पण परवा देवळाच्या दारात अबोलीच्या वेण्या विकणारी म्हातारी लुगड्यात गुंडाळून एक पितळी समई घेऊन आली. सासूची, म्हणे. टेबलाशी बसलेला पोरगा नम्रपणे म्हणाला, "मावशे, वस्तू नाका. कॅश, नाजाल्यार जीपे." ती समई घेऊन परत गेली. पोराचा दोष नाही, त्याच्या पावतीपुस्तकात समईला रकाना नव्हता.

हे मी माझ्या शाळासोबत्याला सांगत होतो. तो क्रिस्तांव, धंद्याने मेस्त, म्हणजे सुतार. आमच्या देवळाचं जुनं दार याच्या बापायने दुरुस्त केलेलं. ऐकून घेतलं आणि हसला. "मोयजेसाक लोकांक सांगचें पडलें रे, आतां हाडूं नाकात!" मोयजेस म्हणजे बायबलातला मोशे. त्याला लोकांना 'आता आणू नका' म्हणून सांगावं लागलं होतं.

घरी येऊन मराठी बायबल काढलं. शाळेत मराठी शिकवायचो तेव्हा भाषेसाठी म्हणून घेतलं होतं. निर्गम, पंचविसावा अध्याय. मिसरच्या गुलामीतून सुटलेले लोक रानात तळ ठोकून आहेत. देव मोशेला सांगतो, माझ्यासाठी पवित्र निवासस्थान करा, मी तुमच्यामध्ये राहीन. आणि अर्पण घ्यायचं ते ज्याचं मन द्यायला राजी असेल त्याच्याकडूनच. पुढे यादी: सोनं, चांदी, पितळ, निळं, जांभळं, किरमिजी सूत, बकऱ्याचे केस, लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी, बाभळीचं लाकूड, दिव्याचं तेल, सुगंधी मसाले, रत्नं. ही सामानाची यादी आहे, भावाची नाही. सोनं आणि बकऱ्याचे केस एकाच यादीत. ते केस ज्या बायकांना कातता येत होते त्यांनी कातून दिले. त्या निवासस्थानाच्या, म्हणजे मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांच्या आरशांचं पितळ घेऊन याजकांचे हातपाय धुण्याचं गंगाळ केलं. आरसे! तिथे समई परत गेली नसती.

आणि छत्तिसावा अध्याय. लोक रोज सकाळी आणतच राहिले. शेवटी बसालेल, अहलियाब वगैरे सगळे कारागीर हातातलं काम टाकून मोशेकडे आले: कामाला लागतं त्याहून जास्त येतंय. मोशेने छावणीभर दवंडी पिटवली की आता कुणी बाई-पुरुषाने काही आणू नये. ही तक्रार कुणी केली पाहा. खजिनदाराने नव्हे, कारागिरांनी. किती पुरतं हे त्यालाच कळतं ज्याच्या हातात करवत आहे. आमच्या बैठकीत मेस्तांना कुणी खुर्चीसुद्धा देत नाही.

ते लोक काही संत नव्हते, हेही सांगतो. चारच अध्याय आधी याच लोकांनी कानातली सोन्याची कुंडलं काढून दिली होती आणि त्यांचं वासरू ओतलं गेलं होतं. तेव्हाही सोनं भराभरच जमलं. वर्गणी धडाधड येते म्हणजे देव प्रसन्न आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

आता कमिटीची बाजू. मनाला येईल ते द्या म्हटलं की लोक अकरा रुपये देतात, हे खरं आहे. छप्पर गळतंय, ठेकेदार थांबणार नाही. आणि ठरावीक वर्गणी बायबलातही आहे. शिरगणतीतल्या वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषामागे अर्धा शेकेल चांदी. श्रीमंताने जास्त द्यायची नाही, गरिबाने कमी द्यायची नाही. माणसं ६,०३,५५०, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. ३,००० शेकेलांचा एक किक्कार. तेव्हा १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. अडतिसाव्या अध्यायात नेमका हाच आकडा आहे, मी कागदावर मांडून पाहिला. वरच्या १,७७५ शेकेलांचं काय केलं तेही लिहिलंय: खांबांच्या आकड्या आणि पट्ट्या. आणि त्या १०० किक्कारांच्या १०० उथळ्या ओतल्या, ज्यांच्यावर अख्खा मंडप उभा राहिला. म्हणजे पाया सगळ्यांच्या सारख्या पैशाचा, आणि वरची शोभा ज्याच्या-त्याच्या मनाची. दोन्ही पद्धती मला मान्य आहेत. आमच्याकडे तिसरीच निघालीय: मनाने द्या म्हणायचं आणि भाव लावायचे.

"नाव लावलं तर बिघडलं कुठे? नार्व्याच्या सप्तकोटेश्वरावर शिवाजी महाराजांचा शिलालेख आहेच की," असं एका महाजनाने मला ऐकवलं. आहे ना. १६६८ सालचा. त्यात तिथी आहे आणि देवळाचा आरंभ झाला एवढं आहे. खर्चाचा आकडा नाही.

मी स्वतः काही मोठा विरक्त नाही. जात्रेच्या पावणीत, म्हणजे लिलावात, एखादा नारळ पाच हजारांवर गेला की मीही ओरडतो आणि टाळ्या वाजवतो. पण तो उघड खेळ असतो, हरणाराही हसत घरी जातो. पाटीचं तसं नाही. ती पोरांच्या पोरांना वाचावी लागते, आणि ज्यांच्या आजाचं नाव नाही त्यांनाही.

मोशेचा मंडप हा तंबू होता, उकलून पुढच्या तळावर न्यायचा. आम्हा गोंयकारांना यात नवल नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून जुवारी नदी ओलांडून इकडे फोंड्यात आली. शांतादुर्गेचं कवळ्याचं आजचं देऊळ पुरं झालं १७३८ साली. मधली पावणेदोनशे वर्षं देवी काही कमी देवी नव्हती. आणि होडीतून ज्यांनी तिला पलीकडे आणलं, त्यांच्या नावाची पाटी मी तरी कुठे पाहिलेली नाही.

मामलेदाराकडे जायचा देवळाचा सरकारी हिशेब वेगळा. मी गावाला दिसेल अशा हिशेबाबद्दल बोलतोय. येत्या रविवारी बैठक आहे. मी दोनच प्रश्न विचारणार. कामाचं अंदाजपत्रक नक्की कितीचं? आणि तेवढे जमले त्या दिवशी ग्रुपवर 'पुरे, आता आणू नका' असं कोण लिहिणार? आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मास्तरांनी अचानक गोंधळ घातला.

काल संध्याकाळी फुलांच्या टोपलीशी थांबलो. विचारलं, समई रविवारी परत आणशील का.

"हांवें ती घांसून दवरल्या," ती म्हणाली, आणि वेणी ओवत राहिली.